हिरामावशींनी ओढून घेतलेली फळी

हिरामावशी काल गेल्या, आणि मला आधी हायसं वाटलं.

आठ महिने त्या अंथरुणावर होत्या. शेवटी पाण्याचा घोटही उतरत नव्हता. सुटल्या.

पण हायसं वाटण्याचं दुसरं कारणही आहे. ते लिहिण्यासाठी ही पोस्ट.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. केमिकलचा डिप्लोमा करून मी नवी मुंबईत महापेच्या एका लॅबमध्ये लागले होते. नाल्याच्या आणि खाडीच्या पाण्याचे सॅम्पल तपासायचे, आकडे लिहायचे.

राहायला घणसोलीत, नव्या सेक्टरमध्ये. हिरामावशी शेजारच्या गावठाणातल्या. खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडायच्या आणि आमच्या गेटवर विकायच्या.

आमच्या सोसायटीने खाडी सफाईचा कार्यक्रम ठरवला. शाळेची आठवीची बेचाळीस मुलं तिवरांच्या झाडांत अडकलेलं प्लास्टिक काढणार, मी त्यांना पाणी तपासायला शिकवणार.

जागा मीच निवडली. बांधापासून थोडं आत चिखलाचा एक उंचवटा होता. मध्ये एक अरुंद ओहोळ, त्यावर टाकायला हिरामावशींनी त्यांची लाकडी फळी दिली होती.

वेळही मीच काढली. भरती-ओहोटीचा तक्ता बघून सकाळी दहा. पाणी उतरत असेल, दुपारी बारापर्यंत धोका नाही. गणित बरोबर होतं.

मग प्रमुख पाहुण्यांना वेळ नाही म्हणून कार्यक्रम एक आठवडा पुढे गेला.

बॅनरवरच्या तारखेवर नवा कागद चिकटवला. वेळ तीच ठेवली. दहा.

आठवडा गेला की ओहोटीच्या वेळी भरती येते. हे मला माहीत होतं. तरी मी तक्ता पुन्हा उघडला नाही. माझ्या डोक्यात दहा ही ओहोटीची वेळ राहिली नव्हती. ती कार्यक्रमाची वेळ झाली होती.

त्या रविवारी दहाला मुलं हातमोजे घालून बांधावर उभी होती. समोर उंचवटा कोरडा दिसत होता.

हिरामावशी आल्या, खाली वाकल्या आणि फळी ओढून बांधावर घेतली. वर तिच्यावरच बसल्या.

आमचे सेक्रेटरी म्हणाले, "मावशी, हे काय? आपल्याकडे परवानगी आहे कार्यक्रमाची."

"परवानगी तुमची. फली माझी."

"अहो, मुलं खोळंबलीत."

"खोलंबू द्या. उनात वालत नाय ती."

मी पुढे गेले. माझ्या हातात कार्यक्रमाच्या टाइमटेबलचा कागद होता. त्यांनी तो बघितला. अक्षरओळख नव्हती त्यांना. हळू आवाजात विचारलं, "मागच्या ऐतवारचाच टाइम हाय ना यो?"

मी मान हलवली.

"आज पुनव हाय, बाय. पानी भरताय. पयला यो ओहोल भरंल, मंग पोरांना मागं कशी आनशील?"



त्या उठल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आज आमची खाडीची पूजा हाय. कोनी उतरायचा नाय."

पूजा वगैरे काही नव्हती.

"घ्या. एकविसाव्या शतकात चाललोय आपण आणि ही अंधश्रद्धा," सेक्रेटरी म्हणाले. दोन-तीन जण हसले. एक बाई म्हणाल्या, "गाववाल्यांना आपलं काही चांगलं झालेलं बघवतच नाही."

हिरामावशी काही बोलल्या नाहीत.

मीही नाही.

सगळे समाजमंदिरात गेले, पाहुण्यांचं भाषण ऐकायला. विषय पर्यावरण. मी तासाभराने मागच्या दाराने निघून बांधावर आले.

ओहोळ दिसतच नव्हता. उंचवट्यावर मी एक बांबू रोवला होता, फुटाफुटावर लाल पट्ट्या मारून. तीन पट्ट्या पाण्याखाली होत्या. माझ्यासमोर चौथी गेली.

आठवीतली मुलं किती उंच असतात, हे मी तिथे उभी राहून मोजत होते.

संध्याकाळी गावठाणात त्यांच्या घरी गेले. म्हटलं, खोटं का बोललात? माझी चूक आहे असं सांगायचंत.

चिंबोऱ्या साफ करता करता म्हणाल्या, "त्यांच्यात तू पयल्यांदाच बोलाय लागलेलीस. आज सांगितला असता तर पुढं तुझा कोन आयकला असता? मना काय, मना ते तसं पन येरीच, अडानीच समजतान."

मग म्हणाल्या, "पुढच्या येलेला तारीख मना इचारून धर."

धरली. पुढचा कार्यक्रम अष्टमीला झाला, दुपारच्या ओहोटीला. मुलं उतरली, सत्तावीस पोती प्लास्टिक निघालं, सगळी मुलं वर आली. मी दोनदा मोजली.

पुढे दरवर्षी तारीख आधी त्यांना विचारायचे. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, भरतीची वेळ मिळते, हे त्यांनीच शिकवलं. तक्त्याशी ताडून बघितलं. फार तर तासाभराचा फरक.

पण कॉलनीत तो किस्सा 'पूजेसाठी कार्यक्रम बंद पाडणारी बाई' असाच सांगितला गेला. माझ्यासमोर कित्येकदा. मी दरवेळी चहा पीत राहिले.

काल त्यांच्या दारात ते सेक्रेटरी आले होते. आता काठी घेऊन चालतात. मावशींच्या मुलीला प्रेमानेच म्हणाले, "तुझ्या आईने पूजा सांगून आमचा कार्यक्रम बंद पाडला होता, माहितीय ना?"

मी म्हटलं, "काका, पूजा नव्हती. भरती होती. वेळ मी चुकीची दिली होती. माझी चूक त्यांनी अंगावर घेतली."

चार वाक्यं. इतकी वर्षं लागली.

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "आमचा संदीप होता त्या मुलांत."

"हो. पहिल्या रांगेत."

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मावशींच्या पायाशी वाकायला त्यांना मी आणि मावशींच्या मुलीने दोन्हीकडून धरलं.

मावशी, आता सगळ्यांना सांगून झालं आहे.

निवांत जा.