तीन सिटिंग एका झटक्यात

“अण्णा, तोंड मागं! तोंड मागं घ्या म्हणतेय! पदर पुढं, तोंड मागं!”

मालकांची सून ओरडत होती. तिच्या हातात फोन, फोनभोवती दिव्याचं गोल कडं, आणि फोनच्या आत म्हणे हुबळीपासून दुबईपर्यंतच्या बायका साड्या बघायला बसलेल्या. मी बेंगळूरच्या चिकपेटमधल्या आमच्या दुकानात, पांढऱ्या गादीवर, अंगावर जांभळी कांजीवरम चापूनचोपून नेसून उभा होतो आणि जमेल तेवढं तोंड मागं नेत होतो. नेणार तरी किती? मागं भिंत होती.

साडीच्या बाजारात साडी पुरुषाच्या अंगावर विकली जाते, हे साडी घेणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं, आणि तरी तिला त्यात वावगं काही दिसत नाही. पँटवर निऱ्या खोचायच्या, खांद्यावर पदर टाकायचा, मान जरा कलती करायची आणि हसायचं. मी हे तीस वर्षं केलं. फुशारकी मारत नाही, पण एकदा मी मोरपंखी साडीचा पदर असा काही सोडला की समोरच्या दुकानात पैसे मोजणारी चार माणसं पैसे तिथंच ठेवून आमच्याकडे आली. नाक्यावरचा पोलीस शिट्टी तोंडात धरून उभा राहिला, फुंकायची विसरला. एका नवरीनं तर आईला विचारलं म्हणे, “ही साडी माझ्यावर यांच्याइतकी उठेल का गं?” तिची मुलगी परवा लग्नाची साडी घ्यायला आली, तीही माझ्याच खांद्यावरून घेऊन गेली.

पण तो जमाना गादीसमोर बसून साडी बघण्याचा होता. गिऱ्हाइक चार हात लांब, दिवा डोक्यावर. फोनचा दिवा मात्र नाकासमोर येतो आणि चोरी पकडल्यासारखा सगळं दाखवतो. त्या दिवशी विक्री संपल्यावर सुनेनं मला चित्रण दाखवलं. मी पाहिलं आणि वाटलं, हा कोण म्हातारा माझी साडी नेसलाय? डोळ्यांच्या कडेला कोंबडीनं पाय आपटले असावेत तशा रेषा, ओठांच्या दोन्ही बाजूंना दोन खोल घड्या, कपाळावर बारीक चुण्या. तीस वर्षं हसलो त्याची ही निशाणी. खाली बायकांनी लिहिलं होतं. एकीनं लिहिलं होतं, “साडी सुंदर, आजोबा बाजूला व्हा.”

सून मनानं वाईट नाही. हळू आवाजात म्हणाली, “अण्णा, मामंजी म्हणतात, लग्नाचा सीझन सुरू व्हायच्या आत काहीतरी करायला हवं. माझी मावसबहीण नेसून दाखवायला तयार आहे. तुम्ही वर गोदाम बघाल.”

गोदाम! दुकानाच्या वर तीन मजले चढून पत्र्याखाली एक खोली आहे. तिथं जुना माल आणि जुनी माणसं ठेवतात. माझ्या आधीचा अण्णा तिथं गेला तो खाली फक्त जेवायला यायचा, आणि नंतर तेवढाही येईना. सीझनला सहा आठवडे होते. मी ठरवलं, चेहरा बदलायचा.

जे. पी. नगरमध्ये एक त्वचेच्या डॉक्टरीण बाई आहेत, शांत, चष्म्याच्या. माझ्याशी कन्नडमध्ये बोलल्या. माझा चेहरा भिंगातून पाहिला. मी म्हटलं, “लेझर करा आणि रेषा पुसून टाका.” त्या म्हणाल्या, पुसल्या जात नाहीत, थोड्या मऊ होतात. तुमची त्वचा सावळी आहे, जोरानं केलं तर भाजल्याचे डाग पडतात. आधी कानामागे छोटासा तुकडा करून बघू. मग हलक्या जोरावर तीन सिटिंग, दोन सिटिंगमध्ये एकेक महिना. ऊन टाळायचं. आणि नाही केलं तरी काही बिघडत नाही, या वयाला हा चेहरा चांगलाच आहे.

आता यात समजण्यासारखं सगळंच होतं. लहान मुलालाही समजलं असतं. पण मी चिकपेटचा. आमच्याकडे पहिला सांगितलेला शब्द कधी खरा नसतो. दुकानदार तीन म्हणाला की मनात एक धरायचं. मी पुढं सरकून बसलो आणि म्हणालो, “डॉक्टर, तीन नको. एकच करा, पण जोरात करा. तिन्ही एकात बांधून द्या.”

“हे साडीचं दुकान नाही,” त्या म्हणाल्या.

“स्वल्प तुम्ही कमी करा, स्वल्प मी वाढवतो. दोनवर या.”

“कातडी तुमची आहे. ती दोनवर येत नाही.”

मी उठलो. आणि जे आयुष्यभर गिऱ्हाइकांनी माझ्याशी केलं, ते मी केलं. हळूहळू दाराकडे चालू लागलो. पायरीशी थांबलो. चप्पल घालायला जितका वेळ लावता येतो तितका लावला. चौथ्या पावलाला मागून “बरं, या, बसा” असं यायला हवं होतं. मागं वळून पाहिलं तर डॉक्टरबाई पुढच्या पेशंटचा कान बघत होत्या.

रागानं मी थेट इंदिरानगर गाठलं. तिथं एक काचेची जागा होती. नाव सांगत नाही. आत असा सुगंध की मेलेला माणूस उठून चहा मागेल. एका गोऱ्यापान मुलीनं मला खुर्चीत बसवलं, थंड पाणी दिलं आणि मी म्हटलं, “तिन्ही एका झटक्यात करणार का?” ती म्हणाली, “नक्की सर.”

नक्की! एका शब्दात! चिकपेटमध्ये कुणी माझ्या पहिल्या मागणीला मान डोलावली असती तर मी ती साडी उजेडात धरून भोक शोधलं असतं. पण तिथं मी काही धरलं नाही, शोधलं नाही. मला वाटलं, घासाघीस जमली. कागदावर सही करा म्हणाले, केली. कानामागे तुकडा वगैरे काही नाही. तोंडाला बधिर करणारं मलम लावलं, डोळ्यांवर झाकणं बसवली आणि यंत्र चालू झालं.

रेशीम खरं की खोटं हे गिऱ्हाइकाला दाखवायला आम्ही एक धागा जाळतो. खरं रेशीम जळालं की केस जळाल्याचा वास येतो. मी हजारो धागे जाळलेत. त्या खुर्चीत मला तोच वास आला, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं तर, शंभर टक्के प्युअर आहे. मग कळलं की धागा कुठला जळतोय.

दुकानात सांगून आलो होतो की तुळजापूरला चाललोय. चार दिवस. घरी तरी काय सांगणार? मेट्रोत रुमाल बांधून बसलो, घरी येऊन रुमाल सोडला आणि आमची ही दारातच मटकन बसली.

“अहो, कुणी मारलं?”

“कुणी नाही. करून घेतलंय.”

तिला कळायला वेळ लागला. चेहरा उकडलेल्या बीटसारखा लाल, सुजलेला, त्यावर घामोळ्यासारखे बारीक ठिपके. ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. चिडली.

“देवी कोपली असं सांगा दुकानात. दुसरं काय सांगणार आहात? आणि माझ्या तोंडावर किती रेषा आहेत ते पाहिलंत कधी? चुलीपुढं पडलेल्या आहेत. माझा फोटो कुणी काढत नाही म्हणून त्या रेषा नाहीत का?”

हसायला गेलो तर गाल तडकले.

डॉक्टरबाई ऊन नको म्हणाल्या होत्या. इंदिरानगरच्या मुलीनंही एक क्रीम देऊन “सन अवॉइड करा सर” म्हटलं होतं. पण चार दिवस संपले आणि पाचव्या दिवशी मी दुकानात हजर झालो, कारण रजा वाढवली तर मावसबहीण गादीवर बसणार. मालकीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “प्रसाद कुठाय?” मी कोपऱ्यावरून पेढे आणले होते. तेही कपाळाला लावून खाल्ले त्यांनी. पाप कुठं फेडीन ते माहीत नाही. मग दुपारी दारात उभं राहून गिऱ्हाइक आत बोलवायचं काम आलं. आमच्या गल्लीत ऊन दुपारी बारा ते दोन सरळ तोंडावर पडतं. उभा राहिलो. तीस वर्षं मी प्रत्येक बाईला सांगत आलो, रेशीम उन्हात वाळवू नका, रंग जातो. माझा रंग जायचा नव्हता, उलट आला.

खपल्या गेल्या तेव्हा रेषा खरंच कमी झालेल्या होत्या. हे सांगायलाच हवं, खोटं बोलणार नाही. मी आरशापुढे तासभर नाचलो. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही गालांवर आणि कपाळावर काळपट चट्टे उमटले. ठसा सरकलेल्या कापडावर नक्षी जशी चुकीच्या जागी बसते तसे. दिवसागणिक गडद होत गेले. सुनेनं फोन लावला, दिवा पेटवला, माझ्याकडे पाहिलं आणि दिवा विझवला. ओरडली नाही. “तोंड मागं घ्या” असं तिनं म्हणावं म्हणून मी वाट पाहिली.

लाज गिळून पुन्हा जे. पी. नगरला गेलो. डॉक्टरबाईंनी बराच वेळ भिंग धरून ठेवलं. “आम्ही सांगितलं होतं” असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. मलम लिहून दिलं. उतरेल म्हणाल्या. सहा महिने, कदाचित वर्ष, कदाचित पूर्ण नाही. मी विचारलं, “सीझनच्या आत?” त्यांनी माझ्या हातात छत्री दिली. कुणा पेशंटची विसरलेली होती. “बाहेर ऊन आहे,” म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी मी दुकानात गेलो तर गादीवर मावसबहीण होती. वीस-बावीसची, गुळगुळीत. निऱ्या चुकीच्या घालत होती, डावीकडून. तरी साडी तिच्यावर दिसत होती. मी बघितलं आणि मला मान्य करावं लागलं.

मालक, म्हणजे आमचे यजमान, गल्ल्यावर बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन जे बोललो ते मला आठवतंय तसं सांगतो, म्हणजे जरा वाढवूनच. मी म्हटलं, “यजमान, तीस वर्षं माझ्या खांद्यावरून अख्ख्या बेंगळूरच्या लेकी सासरी गेल्या. तुमच्या बहिणींच्या साड्या मी नेसून दाखवल्या, तुमच्या मुलीची दाखवली, या सुनेचीही दाखवली. तुमच्या दुकानासाठीच मी हे तोंड जाळून घेतलं. डाग उतरणार आहेत. वर्षभर द्या. मला निऱ्या शिकवायला तरी खाली राहू द्या. दिव्याच्या मागं उभा राहीन, कुणाला दिसणार नाही.” बोलता बोलता माझा आवाज चढला, गिऱ्हाइकं वळून बघायला लागली, मावसबहिणीच्या हातातून पदर सुटला. शेवटी मी विचारलं, “सांगा, मी काय करू?”

मालकांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

“वर पंखा नाही,” ते म्हणाले. “घरून आणा.”