कडेला कड

सासऱ्यांना मी मामा म्हणायची. ते गणिताचे निवृत्त मास्तर, मी कॉलेजात गणित शिकवणारी, आणि दोघंही एक नंबरचे हट्टी. सासूबाई म्हणायच्या, या घरात भाजीत मीठ कमी पडलं तरी ही दोघं समीकरण मांडतील.

मामा मूळचे देवगाव रंगारीचे. शिक्षण निजामाच्या राज्यात, सगळं उर्दूतून. पोलीस ॲक्शननंतर शाळेत मराठी आली, मामांनी जन्मभर मराठीतून शिकवलंही. पण स्वतःशी पुटपुटताना बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार नाही, अजून जमा, तफरीक, जरब, तकसीम हेच चालायचं.

त्या वर्षी त्यांची नजर पारच गेली. डॉक्टरांनी हात टेकले. उजेड-अंधार कळायचा, बस्स. त्यातच सूर्यग्रहणाची बातमी आली. आपल्याकडं खंडग्रास, दुपारचं. मामा म्हणाले, "सूनबाई, याची वेळ आपण काढायची. पेपर नाय, पंचांग नाय. डोळे तर गेले, डोकं ऱ्हायलंय का ते मला बघायचंय."

कॉलेजच्या लायब्ररीतून मी सूर्य-चंद्राच्या स्थानांची कोष्टकं आणली. मामा सांगायचे, मी लिहायची. अमावास्येला चंद्र सूर्याच्या वाटेवर येतोच, पण बहुतेक वेळा जरा वरून नाहीतर खालून निघून जातो. दोघांच्या मध्यांमधलं अंतर दोघांच्या त्रिज्यांच्या बेरजेइतकं झालं, की कडेला कड लागते. बोलायला सोपं आहे. पण कोष्टकातला चंद्र पृथ्वीच्या पोटातून बघितलेला असतो, आणि आपण राहतो गारखेड्यात. नाकापुढं बोट धरून एकेक डोळा मिटला की बोट सरकतं, तसाच चंद्रही बघणाऱ्याच्या जागेप्रमाणं सरकतो. किती सरकतो ते काढायला इथला सूर्य माथ्यावरून किती ढळलाय ते लागतं, म्हणून सगळं गणित इथल्या सूर्याच्या वेळेत मांडावं लागतं. त्यात आमच्या कित्येक दुपारी गेल्या आणि फार मजेत गेल्या. मी चुकले की मामा नुसतं "हूं" म्हणायचे. त्या "हूं"चा मला भयंकर राग यायचा.

ग्रहणाच्या दिवशी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सासूबाई पाण्यात तुळशीपत्र टाकून देवघरात बसल्या होत्या. मी गच्चीच्या कठड्यावर आरसा ठेवला, त्यावर भोक पाडलेला कागद चिकटवला आणि सूर्याचा गोल ठिपका जिन्याच्या खोलीतल्या भिंतीवर पाडला. मामा तिथंच खुर्चीवर बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून.

आम्ही काढलेली वेळ झाली. ठिपका होता तसाच, वाटोळा.

"लागलं?" मामांनी विचारलं.

"अजून नाय."

ठिपका सरकायचा, मी उठून आरसा नीट करायची, पुन्हा भिंतीला डोळे लावायची. काही नाही. मामांनी पुन्हा विचारलं, यावेळी हळू. त्यांची बोटं सदऱ्याच्या गुंडीशी चाळा करत होती. मला भडभडून आलं. एक शब्द बोलायचा होता, "लागलं." खरं काय ते त्यांना कोण सांगणार होतं? शब्द अगदी ओठांवर आला. पण दुपारच्या दुपारी डोकं शिणवून काढलेल्या उत्तराला मी खोटा टेकू देऊ? माझा स्वभाव तो नाही.

"नाय मामा," मी म्हणाले. "चुकलंय आपलं कुठंतरी."

 मामांचे ओठ हलायला लागले, जमा, तफरीक. बराच वेळ हललेच. एकदम थांबून म्हणाले, "आपली वेळ इथल्या सूर्याची. घड्याळाचा फरक तू मिळवला व्हतास का?"

"मी? मला वाटलं तुम्ही तोंडी मिळवूनच सांगितलीत. तुम्हाला कसं विचारायचं?"

"आन् मला वाटलं, शेवटाला तू मिळवशील. कॉलेजातल्या बाईला काय विचारायचं?"

आपल्या गावाचा सूर्य देशाच्या घड्याळापेक्षा जवळजवळ अर्धा तास मागं. शाळेतल्या पोरीही हा फरक विसरत नाहीत. एकमेकांचा मान राखायच्या नादात आम्ही दोघांनी तो सोडून दिला होता. मला हसू फुटलं, आणि मामा तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. खालून सासूबाई ओरडल्या, ग्रहणाच्या वेधात कसलं खिदळताय.

"मग आता थांब थोडं," मामा म्हणाले आणि पाठ टेकून निवांत बसले.

फरक मिळवून आलेली वेळ झाली. थोड्याच वेळात ठिपक्याची एक कड जराशी सपाट दिसली. मी डोळे चोळून पुन्हा बघितलं. कोणी नखानं टोकरावं तेवढी कड गेली होती.

"लागलं, मामा."

ते खुर्चीत पुढं सरकले. मग म्हणाले, "मघाशीच लागलं म्हणावं, असं मनात आलं व्हतं ना तुझ्या?"

"व्हय. लई आलं व्हतं."

"नाय म्हणालीस," मामा म्हणाले, "म्हणून आत्ताचं मला दिसलं."