नापास केलेली यंत्रं

पस्तीस वर्षं मी नापास करण्याचा पगार घेतला. हिंदी मुलखात, रांझीजवळच्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. समोर येणारा प्रत्येक सुटा भाग मापाला लावून पाहायचा. बसला तर पुढे, केसभर कमी-जास्त असला तर त्यावर लाल ठिपका आणि बाजूला. ठिपका देताना माझा हात कधी अडला नाही. पाठीमागे लोक मला काय म्हणत ते मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा अभिमानही होता. घरी मात्र बायको वैतागायची. पोळीचा काठ जाड राहिला म्हटलं की म्हणायची, "लावा लाल ठिपका न् ठेवा बाजूला. राहा उपाशी."

तीच बायको तीन वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली, तीन महिन्यांसाठी. मग लेकीची रजा संपली. मग नातीला दात आले. मग पाळणाघरात ती रडून रडून आजारी पडली आणि आता नर्सरी सुरू झाली आहे. मी निवृत्त झालो की ती परत येणार असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे मी ठरवलं होतं. तिला तसं नीट सांगितलं होतं की नाही, आता आठवत नाही. गेल्या वर्षी निवृत्त झालो. गळ्यात हार घालून, हातात नारळ घेऊन घरी आलो आणि कुलूप मीच उघडलं.

लेक म्हणते, "बाबा, तुम्हीच या ना इकडे." एकदा पंधरा दिवस राहून आलो. अकरावा मजला. खाली उतरलं तरी ओळखीचं कुणी नाही. आठव्या दिवशी मी त्यांच्या नळांची गळती तपासायला लागलो आणि जावयाने हसून माझ्या हातातला पाना काढून घेतला. मी परत आलो. रांझीतलं हे दोन खोल्यांचं घर कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहून, पोटाला चिमटा घेऊन बांधलेलं आहे. ते सोडून कुठे जायचं?

घरात तिची शिलाई मशीन खिडकीपाशी तशीच आहे. क्वार्टरमधल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज त्या मशीनवर शिवले गेले. मी तिला एक रविवार आड तेल घालतो, चाक हाताने फिरवतो, पुसून परत झाकण घालतो. लोखंड नुसतं पडून राहिलं की जाम होतं, हे मला कुणी शिकवायला नको. ती आली की बसेल आणि मशीन चालेल, एवढीच माझी इच्छा. तेल घालताना मी मशीनशी दोन शब्द मराठीत बोलतो. दूधवाला, भाजीवाली, शेजारी, सगळ्यांशी दिवसभर हिंदीच असते.

मराठी खरी संध्याकाळी सातला. तेव्हा पुण्याहून व्हिडिओ कॉल येतो. फोन नातीच्या हातात असतो, त्यामुळे मला बहुतेक वेळ छतावरचा पंखा दिसतो. बायको मागून ओरडून विचारते, "जेवले का? काय केलं आज?" मी पंख्याला सांगतो, खिचडी. मग नात लाल बटण दाबते. तिचे दुसरे आजोबा पुण्यातच असतात, त्यांना ती आबा म्हणते. मी फोनवाले आबा. यात पोरीचा काही दोष नाही, पण पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी मला खिचडी गेली नाही.

परत येण्याचा विषय काढला की बायकोचं एकच उत्तर, "एवढं सामान रेल्वेत कसं आणायचं?" होळीनंतर एक दिवस माझ्या डोक्यात आलं, गाडी आहे की! माझी छोटी गाडी आजवर रांझी ते स्टेशन एवढीच चालली, लेकीला सोडायला भरून जायची आणि रिकामी परत यायची. तीच घेऊन जायचं, नागपूरला मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी पुणं. डिकीत सगळं सामान घालायचं आणि शेजारच्या सीटवर तिला. मग बहाणा उरणार नाही.

फक्त रस्ता माहीत नव्हता. फोनमध्ये रस्ता दिसतो हे मलाही ठाऊक आहे. पण आमच्या नोकरीत फोन गेटवर जमा करावा लागे, घरी जाताना परत मिळे. पस्तीस वर्षं ज्याच्यावाचून दिवस काढले, त्याच्या भरवशावर जंगलातून गाडी घालायची? सिवनीच्या पुढे नेटवर्क जातं म्हणे. आणि कुणाचा फोन आला की नकाशा गडप. मला रस्ता दाखवणारं वेगळं यंत्र हवं होतं, ज्याचं काम तेवढंच.

शहरात, राइट टाउन भागात गाड्यांच्या सामानाचं एक दुकान आहे. सीट कव्हर, हॉर्न, पायपुसणी, सगळं मी तिथूनच घेतलेलं. दुकानदार चाळिशीचा, माझ्या तपासण्या सोसलेला माणूस. मी यंत्राचं नाव काढताच हसला. "अंकलजी, अब ये कौन लेता है? सब मोबाइल में है." मी म्हणालो, "मुझे चाहिए." त्याने माळ्यावरून एक जुनं खोकं काढलं, धूळ झटकली आणि म्हणाला, "चलो, दो दिन चला के देख लो. जमे तो रखना."

मी त्याची रीतसर परीक्षा घ्यायचं ठरवलं. ज्या रस्त्याचा खड्डा न् खड्डा मला पाठ आहे तो द्यायचा आणि यंत्र किती चुकतं ते पाहायचं. रांझीहून स्टेशन. जुन्या यंत्राने मला घमापुरात मुख्य रस्ता सोडून एका गल्लीत घातलं. मला माहीत होतं की ती गल्ली पुढे अरुंद होते. तरीही गेलो, परीक्षा म्हणजे परीक्षा. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कांद्याची हातगाडी, मधे मी. आरसे मिटवून चार जणांनी मला मागे काढलं. ओट्यावरची एक बाई गहू निवडता निवडता म्हणाली, "भैया, यहाँ गाड़ी लाने को किसने बोला?" मी यंत्राकडे बोट दाखवलं. सगळी गल्ली हसली, मीही हसलो. कितीतरी दिवसांनी चार माणसांत हसलो असेन. परतताना नव्या उड्डाणपुलावर चढलो तर यंत्राला वाटलं मी अजून खालीच आहे. नापास.

दुसरं यंत्र दुकानदाराने बाहेरून मागवलं, त्याला पंधरा दिवस लागले. मोठा पडदा, वर कॅमेरा. पण दुपारच्या उन्हात पडदा आरशासारखा व्हायचा आणि त्यात रस्त्याऐवजी माझंच तोंड दिसायचं. काचेला चिकटवायची रबरी वाटी एप्रिलच्या उन्हाने सैल पडली आणि यंत्र माझ्या पायात आलं. नापास.

"काय झालं यंत्राचं?" बायको फोनवर विचारायची. तिला मी एवढंच सांगितलं होतं की गाडीसाठी एक यंत्र पाहतोय. कशासाठी ते सांगितलं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी सवय जुनीच. ती म्हणायची, "तुम्हाला काय पसंत पडून राहिलं आजवर?" आणि हसायची. तिच्यामागे कुकरची शिट्टी व्हायची, कुणीतरी दाराची घंटी वाजवायचं, ती जायची.

तिसरं यंत्र तळहाताएवढं होतं. नेटवर्क लागत नव्हतं, नकाशा ताजा, पडदा उन्हात स्वच्छ, वाटी घट्ट. आत हिंदी बोलणारी एक बाई. तिने मला स्टेशनला नेलं, घमापूर टाळून. उड्डाणपूल ओळखला. मुद्दाम चुकीचं वळण घेतलं तर न चिडता दुसरा रस्ता काढला. आठ दिवस मी तिला शहरभर फिरवलं. खरं सांगतो, गाडीत कुणीतरी बोलतंय याची मला सवय लागली. जवळच कुठे जायचं असलं तरी मी तिला पत्ता द्यायला लागलो. नवव्या दिवशी मी यंत्र घेऊन दुकानात गेलो आणि म्हणालो, "इसमें गड़बड़ है."

"अब क्या हुआ?"

"माझं घर यायच्या वीस पावलं आधीच सांगतं की पोहोचलात. शेजाऱ्याच्या फाटकासमोर." हे मी चक्क मराठीत बोलून गेलो, मग हिंदीत परत सांगितलं.

 दुकानदाराने दुसऱ्या गिऱ्हाइकाला थांबवलं आणि म्हणाला, "अंकलजी, बुरा मत मानना. आपको जाना भी है कि नहीं?"

मला राग आला. काल दुकान टाकलेल्या माणसाने मला विचारावं? यंत्र उचललं, पैसे दिले आणि पावती न घेता बाहेर पडलो. गाडीत बसलो, पण चावी फिरवली नाही. बाहेर शाळा सुटली होती, स्कूटरवर आया पोरांना घेऊन चालल्या होत्या. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी कारखान्यात दुसऱ्यांना किती वेळा ऐकवली होती. वीस पावलं! ज्या घराचं कुलूप मी स्वतः रोज उघडतो, ते वीस पावलं चुकलं म्हणून मी पुण्याला जाणार नव्हतो. यंत्रात खोट नव्हती. मला भीती वाटत होती. मी गाडी घेऊन दारात उभा राहीन आणि ती म्हणेल, मी येत नाही. यंत्र निवडून होत नव्हतं तोवर हे ऐकावं लागणार नव्हतं. एवढं साधं होतं ते आणि मला कळायला दोन महिने आणि तीन यंत्रं लागली.

त्याच संध्याकाळी मीच फोन केला, सातच्या आधी. तिनेच उचलला. पहिल्यांदाच पंखा नाही, तिचा चेहरा दिसला. चष्मा नवा होता. मी म्हणालो, "रविवारी निघतो. गाडी घेऊन येतो."

"गाडी घेऊन? इतक्या दूर?" तिचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, उगाच घाबरलो मी. "काहून सांगितलं नाही आधी? अहो, मग माझी मशीन घेऊन या ना! वरचीच फक्त, स्टँड नको. जावईबापू टेबल करून देतो म्हणतात. पोरीचे फ्रॉक शिवायचेत. न् खालच्या मजल्यावरच्या दोघी तर ब्लाउजपीस घेऊन माझ्यासाठी थांबून राहिल्या. रेल्वेत कशी आणायची म्हणून मी बोललेच नाही आजवर."

मला म्हणायचं होतं, मी तुला न्यायला येतोय. शब्द तयार होते, दोन महिने मनात घोळवलेले होते.

"चालू आहे ना ती?" ती म्हणाली. "तीन वर्षं पडून आहे. जाम झाली असेल."

"नाही झाली," मी म्हणालो. "तेल घालून आणतो."

"बरं, सावकाश या. मी पुरणपोळी करते," ती म्हणाली. मागून नात ओरडली, "फोनवाले आबा येणार?" आणि लाल बटण दाबलं गेलं.

 तिचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा. तिने नाही म्हटलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. आणि ती इतकी आनंदात होती की तिच्यावर लाल ठिपका ठेवायला माझा हात पहिल्यांदाच अडला. तीन वर्षं मी ती मशीन तिच्या परतण्यासाठी राखली आणि ती चालू राहिली ती तिच्या तिथे राहण्यासाठी.

शनिवारी मशीन स्टँडवरून सोडवली. तेल घातलं, चाक फिरवलं, सुरळीत होतं. खिडकीपाशी नुसता सांगाडा उरला.

रविवारी सकाळी डिकी तिच्या सामानासाठी स्वच्छ रिकामी केलेली होती, पण मशीन तिथे ठेवली नाही, हादरे बसले असते. तिच्या जुन्या साडीत गुंडाळून शेजारच्या सीटवर बसवली. गाडी चालू केली तशी ती टिंग टिंग करायला लागली. सीटवर वजन आहे, पट्टा लावा. मी वाकून मशीनला पट्टा लावला, तेव्हा गाडी गप्प झाली.

समोरचे शेजारी फाटकात उभे होते. कारखान्यातूनच निवृत्त झालेले, माझ्या बायकोला फार मानणारे. हात उंचावून म्हणाले, "क्यों भाई साहब, भाभीजी को लेने?"

"हाँ जी," मी म्हणालो.

"चलो, अच्छा है! घर में रौनक आएगी," म्हणत ते गाडीकडे यायला लागले. भाभीजींच्या जागी कोण बसलंय ते त्यांना दिसू नये म्हणून मी घाईघाईने काच वर केली आणि गिअर टाकला. यंत्रातली बाई म्हणाली, सीधे जाइए. मी सरळ निघालो.