शाकाहारी लिव्हर

"आमचं घर शुद्ध शाकाहारी. दारूचा थेंब नाही. आमच्या लिव्हरला काय धाड भरलीय?" असं म्हणून जोशीकाकूंनी माझ्या पत्रकाची घडी घातली आणि तिच्यावर मोदक ठेवला. (नावं बदललीत. नाहीतर काकू मला जिवंत सोडणार नाहीत.)

इथे जपानात, फुनाबोरीत भाड्याच्या हॉलमध्ये आपला गणेशोत्सव चालू होता. कोपऱ्यात आमचं हेपॅटायटिस बीच्या फुकट तपासणीचं टेबल. डॉक्टर होते आणि मी, भारतीयांना समजवायला नेमलेली हेल्थ वर्कर. सकाळपासून कुणी फिरकलं नव्हतं. एरवी फुकटचं काही आपली माणसं सोडतात होय? पण इथे बसलेलं चारचौघांनी पाहिलं तर! हा व्हायरस रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो, एकत्र जेवल्याने नाही. बाळंतपणात आईकडून बाळाला जातो आणि वर्षानुवर्षं काही त्रास न देता लिव्हरमध्ये राहतो. हे सांगून माझा घसा बसला. लोक माना डोलवून मसालेभाताच्या रांगेत जात होते.

काकू पुण्याहून सुनेच्या बाळंतपणाला आलेल्या. सून मुग्धा, आठवा महिना. जपानमध्ये गरोदर बायकांची ही टेस्ट होतेच. तिची निगेटिव्ह होती. आता नवऱ्याची व्हावी, एवढंच तिचं म्हणणं. त्याला व्हायरस असला तर तिला आणि बाळाला वेळेत लस द्यायला हवी. नवरा अनिकेत हॉलमध्येही लॅपटॉपला चिकटलेला. म्हणे, "सध्या सॉफ्टवेअरचा रिलीज आहे गं." काकू म्हणत, "माझ्या पोरावर संशय?" मुग्धा माझ्यापाशी येऊन रडली. असा संताप आला मला!

माझे बॉस सातो-सान सारखे विचारत होते, "पोस्टर आणखी मोठं करायचं का?"

"पोस्टर नको, सातो-सान. काकू हव्यात."

मग मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "राहू द्या काकू. सुईला भितात पुष्कळजण."

"कोण भितंय? घे रक्त! कळू दे सगळ्यांना जोशांचं घर कसं आहे ते!"

जोशी बसल्यावर देशपांडे कसले मागे राहतायत? रांग लागली. निकाल थोड्याच वेळात मिळायचा, पण आतल्या खोलीत, ज्याचा त्यालाच.

काकूंचा पॉझिटिव्ह आला.

"अगं, पण मी चातुर्मासात कांदासुद्धा खात नाही," त्या पुटपुटल्या. हसावं की रडावं कळेना. डॉक्टरांचं बोलणं मी मराठीत सांगितलं: हॉस्पिटलात पक्की तपासणी होईल, लागलं तर औषधं आहेत. पण अनिकेत तुमच्या पोटचा, त्याला तपासायलाच हवं.

"कुणाला सांगशील का गं?"

"मी नाही सांगणार. अनिकेतला तुम्हालाच सांगावं लागेल. बाळ काही रिलीजसाठी थांबायचं नाही."

काकूंनी पदराने डोळे पुसले. बाहेर येऊन हॉलभर ऐकू जाईल अशा ओरडल्या, "अनिकेत! मिट तो लॅपटॉप आणि इकडे ये!" मग त्याचा हात धरून त्याला आत नेलं. रिलीज जागच्या जागी आटोपला.

तोही पॉझिटिव्ह निघाला. लिव्हर शाबूत होतं, नियमित तपासणी सुरू झाली. मुग्धाने लस घेतली, नातीलाही जन्मल्यावर मिळाली. काकू मंडळात सांगत सुटल्या, "आमच्याकडे सुनेची फार काळजी घेतात हो."

रिपोर्ट लिहिताना सातो-सान म्हणाले, "इतके लोक कशामुळे आले?"

"घराण्याच्या अभिमानामुळे."

त्यांनी ते नीट लिहून घेतलं. "पुढच्या वर्षी हा कुठून मागवायचा?"

"मागवावा लागत नाही, सातो-सान. आमची माणसं येतानाच सोबत आणतात."