वलांडीवरची मूठ

घरात सुका बोंबील भाजायला घेतला की ती घटना मला हटकून आठवते. ‘झाली तुमची केस सुरू,’ असं बायको म्हणते.

ऐंशीच्या दशकात मी बोईसर-तारापूर भागात फौजदार होतो. एके सकाळी किनाऱ्यावरच्या एका गावातले काही होडीवाले नाखवे ठाण्यात आले. बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांड्यांवरून माल चोरीला जात होता, तोही मूठ-मूठ करून. ठाणे अंमलदार हसू दाबत होता. पण कष्टाच्या मालाची चोरी ती चोरीच. स्टेशन डायरीत नोंद करून मी गावात गेलो.

पाहणी करताना एक गोष्ट खटकली. पुरुष तावातावाने बोलत होते, बायका मात्र खाली मान घालून आपापलं काम करत होत्या. एरवी कोळणीचा एक बोंबील मांजराने पळवला तरी सारा गाव गोळा होतो. इथे एकीच्याही तोंडून शिवी निघेना.

आठवडाभरात खबऱ्याने बातमी आणली. “सायब, बोईसरच्या बाजारात रविवारी एक पोरगी सुके बोंबील इकते. तिच्या घरात होडी नाय, जाळं नाय. मंग पाटी भरते कशी?”

मुलीला पाटीसह ठाण्यात आणलं. महिला पोलीस नव्हती, म्हणून हवालदाराच्या पत्नीला शेजारी बसवलं. मुलगी त्याच गावची, मुंबईत एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. वडील समुद्रात बुडून गेलेले. काकाने बी.एस्सी.नंतर हात वर केलेले. फी आणि वसतिगृहाचा खर्च ती या पाटीवर भागवत होती. एवढं तिने सरळ सांगितलं. माल कुठला, हे विचारलं की तोंडाला कुलूप.

“पोरी, गुन्हा दाखल झाला तर परीक्षा, नोकरी, सगळ्यावर पाणी पडेल.”

“म्हाईत हाय, साहेब. पण ते मी सांगणार नाय.”

मी पाटीत हात घातला. खाण्याच्या बाबतीत मी पक्का बोंबीलवाला. एका घरचा माल एकसारखा वाळतो. या पाटीत काही कडक पिवळे, काही जरा ओलसर, काही मीठ लावलेले. चोर एक वलांडी साफ करून पळेल, घराघरातून मूठ कशाला वेचत बसेल? बायकांच्या त्या खाली घातलेल्या माना आठवल्या. मी हवालदाराला म्हटलं, “गावात जा आणि पोरीला ठाण्यात आणलंय, एवढंच मोठ्याने सांगून ये.”

दुपारच्या आत ठाण्याचं आवार कोळणींनी भरलं. मागोमाग नाखवे.

सगळ्यांत म्हातारी कोळीण पुढे झाली. “सोड तिला, सायबा. मुठी आमी घातल्या. आमच्यातली येक तरी शिकूं दे.”

“आमचा माल, आमाला न इचारता?” एक नाखवा गरजला.

“होडीतून उतरला का बोंबील आमचा! लावतो आमी, सुकवतो आमी, इकतो आमी. तू कदी वलांडीला हात लावलास?”

“मंग लपवलंस कशाला?”

“सांगितलं आसतं तं तुमी तिचं लगीन लावून दिलं आसतं!”

अंमलदाराला हसू आवरेना. “तक्रार नाय आमची, सायब,” नाखवा पुटपुटला. मुलीचं मौन मला तेव्हा उलगडलं. नावं फुटली असती, तर मुठी थांबल्या असत्या आणि शिक्षणही. तक्रार मागे घेतली गेली. पाटी मी स्वतः तिच्या डोक्यावर चढवून दिली.

त्यानंतर कुठल्याही तपासात ओरडणाऱ्याआधी मी गप्प बसलेल्याला विचारत आलो. पोलीस ट्रेनिंगमध्ये हे कुणी शिकवलं नव्हतं.

मी निवृत्त झालो तेव्हा ती भेटायला आली. कॉलेजात शिकवत होती. मी थट्टेने म्हटलं, “आता पाटी सुटली असेल, मॅडम!”

“सुटली कुठं, साहेब? यंदा गावातली दुसरी पोरगी एम.एस्सी. करते. आता मूठ मी घालते.”

जाताना एक पुडी ठेवून गेली. उघडली, तर काही बोंबील कडक पिवळे, काही ओलसर, काही मीठ लावलेले. बायको तवा तापवून हाका मारत होती, आणि मला काही केल्या रडू आवरेना.