रॅकच्या दारावरचा तक्ता

"सेटिंग्ज ठेवल्यात म्हणताय ना? मग गेल्या कुठं?" मॅनेजरसाहेब माझ्या खांद्यावरून स्क्रीनवर डोकावत होते.

चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणारी ही कंपनी. लेबल छापणारं सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर गेल्या वर्षी मीच बाहेरून येऊन बसवलं होतं, आज ते अपग्रेड करत होतो. वार गुरुवार, म्हणजे कंपनीला सुट्टी. जुनं काढताना सॉफ्टवेअरने विचारलं होतं, सेटिंग्ज ठेवायच्या का? मी 'हो' दाबलं. कुठल्या लाइनचं लेबल कुठल्या प्रिंटरवर, किती मापाचं, ते सगळं म्हणजे सेटिंग्ज. नवीन सुरू केलं तर पाटी कोरी. बॅकअप उघडला, तोही कोरा. आणि लेबलाशिवाय शुक्रवारी एकही पेटी गेटबाहेर जाणार नव्हती.

"दोन्हीकडून गेलं म्हणजे कोणीतरी हात लावलाय," मी म्हणालो. स्वतःवर संशय घ्यायची मला तेव्हा सवय नव्हती.

मी जेवायला गेलो तेव्हा सर्व्हर रूममध्ये एकच माणूस होता. मेन्टेनन्सचे दत्तूभाऊ, शेजारच्याच गावचे, आधी मशीन सेटर.

"पंखा पुसत हुतो सायेब. कम्प्युटरला हात न्हाई लावला."

मला पटलं नाही. मी सर्व्हरच्या रॅकचं, त्या लोखंडी कपाटाचं, दार उघडलं. आतल्या बाजूला मार्करने अख्खा तक्ता लिहिलेला. लाइन, प्रिंटर, मापं, सगळं. "अक्षर दत्तूभाऊंचं," मॅनेजर म्हणाले.

"ही माहिती यांच्याकडे कशाला?" मी विचारलं.

"दत्तूभाऊ, सर्व्हर रूमची किल्ली ठेवा," मॅनेजर म्हणाले. "चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका."

दत्तूभाऊंचा चेहरा उतरला. जुडग्यातून किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"आमी सेटर लोक. मशीनची सेटिंग दाराच्या आत लिवून ठेवतो. मशीन इसरतंय. गेल्या वर्सी तुमी बसवलं, तवा तुमच्याच स्क्रीनवरनं उतरवून घेतलं."

गेल्या वर्षी. मी बॅकअपमधल्या कोऱ्या फाइलची तारीख पाहिली. सॉफ्टवेअर बसवलं त्या पहिल्या दिवसाची. त्यानंतर तिला कोणी हातच लावला नव्हता, मीसुद्धा. मग आठवलं. तेव्हा घाईत मी माझी भरलेली फाइल सेटिंग्जच्या फोल्डरमध्ये न ठेवता सॉफ्टवेअरच्याच फोल्डरमध्ये कोंबली होती. अपग्रेडने सेटिंग्जचा फोल्डर, आतल्या कोऱ्या फाइलसकट, इमानदारीत जपला आणि स्वतःचा फोल्डर माझ्या फाइलसकट पुसला. मी बॅकअपही त्या कोऱ्या फाइलचाच घेतला होता.

गप्प बसता आलं असतं. पण किल्ली टेबलावर समोरच पडली होती.

"सर, चूक माझी आहे," मी म्हणालो.

मॅनेजरांनी किल्ली उचलून दत्तूभाऊंच्या हातात दिली. मग दत्तूभाऊ दारावरचे आकडे वाचत गेले, मी टाइप करत गेलो. चहाची वेळ व्हायच्या आत पहिलं लेबल बाहेर आलं. त्यांनी ते पट्टीने मोजलं आणि मार्कर माझ्यापुढे धरला.

"सेटिंग ज्यानं केली त्यानं खाली सही करायची. आमच्यात पद्धत हाय."

मी सही केली. पुढच्या वेळी पहिला संशय कोणावर घ्यायचा, ते आता दारावरच लिहिलेलं आहे.