शांतता, एक नग

लुडविक प्लांकोला स्लोव्हेनियातल्या त्सेल्ये गावातले निम्मे गवंडी घाबरत आणि उरलेले निम्मे त्याची नक्कल करत. आमच्या वास्तुरचनेच्या ऑफिसात तो कामाचा तपशील लिहायचा. नकाशात भिंत दिसते, पण तिला गिलावा कुठला, दाराला बिजागरी कसली, रंगाचे हात किती, हे सगळं शब्दांत उतरवणं त्याच्याकडे. इतर ठिकाणी हे लिखाण इतकं कोरडं असतं की वाचताना मध्येच पाणी प्यावं लागतं. लुडविक मात्र समोर माणूस उभा आहे असं धरून लिही: "पहिला हात पूर्ण वाळू द्यावा. वाळला का हे बोट लावून पाहू नये. बोट उमटतं आणि मग ते कुणाचंच नसतं." त्याची बायको ब्रेडा सांगायची की घरी सूप वाढलं तरी तो ते ढवळून "मिश्रण एकजीव नाही" असा शेरा मारतो.

नव्या बालवाडीचं काम आलं तेव्हा आमचा मालक सिल्वो याने जाहीर केलं की यापुढे तपशील एकीकडे आणि इमारत दुसरीकडे असं चालणार नाही. इमारत हल्ली आधी कॉम्प्युटरमध्ये उभी राहते, दारंखिडक्यांसकट. तर त्यातल्या एखाद्या दारावर बोट ठेवलं की लुडविकने त्या दाराबद्दल जे काही लिहिलंय ते समोर आलं पाहिजे, आणि एकाने काही बदललं की दुसऱ्याच्या पडद्यावर लाल खूण उठली पाहिजे. कॉम्प्युटरमधली इमारत उभी करायची तादेया. हुशार पोरगी, तोंडाने फटकळ. लुडविकला ती 'मास्तर' म्हणायची. त्यात मान किती आणि चेष्टा किती, हे त्याला कधी कळलं नाही.

जोडणी सुरू झाली आणि दोघांची जुंपली. तिच्या काही दारांना तपशील नव्हता, त्याच्या बऱ्याच परिच्छेदांना वस्तू नव्हती. अशा परिच्छेदांवर लाल खूण करून कॉम्प्युटर त्यांना 'निराधार' म्हणायचा. हा शब्द लुडविकच्या जिव्हारी लागला. माझं लिखाण काय रस्त्यावर पडलंय का, असं तो जेवणाच्या सुट्टीत बुरेक खाता खाता प्रत्येकाला विचारत फिरला.

सगळ्यांत हट्टी निघाला तो मुलांच्या झोपायच्या खोलीचा परिच्छेद. लुडविकने लिहिलं होतं: "या खोलीत शांतता असावी. दार लागो, नळ सुटो की बाहेर कुणी शिंको, झोपलेलं मूल जागं होता कामा नये."

"मास्तर, हे कशाला जोडू?" तादेयाने विचारलं. "कॉम्प्युटरला बसवायची वस्तू हवी."

"मुलं झोपतात तिथे जोड."

"म्हणजे नेमकं कुठे?"

"सगळीकडे. खोलीभर," लुडविक म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि त्या 'बरं'चा सूर ऐकून मी मान वर केली. तिने खोलीच्या मापाचा एक पारदर्शक ठोकळा केला, चारी भिंतींना भिडवून बसवला, त्याला नाव दिलं 'शांतता' आणि लुडविकचा परिच्छेद त्याला चिकटवला. लाल खूण गेली. लुडविक खूश, कारण ठोकळा त्याला दिसलाच नाही. तादेया खूश, कारण सोमवारी सगळ्यांना गोळा करून तो दाखवायचा बेत होता. पण सिल्वोने शुक्रवारीच निविदा पाठवून दिली.

निविदेबरोबर जाणारी सामानाची मोजदाद कॉम्प्युटर आपणहून काढतो. तिच्यात दारांच्या खाली आणि संडासाच्या भांड्यांच्या वर एक ओळ होती: शांतता, एक नग.

एका ठेकेदाराने ती जागा कोरी सोडली. दुसऱ्याने नगरपालिकेला लेखी विचारलं की हा माल स्लोव्हेनियाचा चालेल की ऑस्ट्रियाचाच हवा. तिसरा रायको येलेन. त्याने मुकाट्याने दर भरला, आणि काम त्यालाच मिळालं.

सिल्वो रागावला की ओरडत नाही, खिडकीशी जाऊन साविन्या नदीकडे बघत राहतो. त्या दिवशी त्याने बरीच नदी पाहिली. मग दोघांना नगरपालिकेत जाऊन चूक कबूल करून यायला पिटाळलं. गाडी माझी, म्हणून मीही गेलो. लुडविक पाठ केलेली माफी मागायला उभा राहिला. कोपऱ्यात बसलेल्या रायकोने हात वर केला.

"चूक कसली, इंजिनियरसाहेब? मी दर भरलाय, मी माल देणार. घरी जुळी आहेत माझ्या. शांतता काय चीज असते, ते मला विचारा. फक्त ती बसवायची कशी, तेवढं सांगा."

लुडविकने तो प्रश्न शब्दशः वहीत उतरवून घेतला.

ऑफिसात परत आल्यावर तादेयाने ठोकळा पुसला आणि तो परिच्छेद खोलीच्या दाराला जोडून पाहिला. दाराबद्दलचं सगळं लिखाण एकाखाली एक उघडलं. वर होतं, मूल जागं होता कामा नये. त्याच्या खाली, तेही लुडविकचंच: "कुलूप असं असावं की ते लागल्याचा आवाज कॉरिडॉरच्या टोकाला ऐकू यावा."

"मास्तर, यातलं कुठलं खरं धरू?"

लुडविकने चष्मा काढून पुसला. कधीकाळी बँकेच्या इमारतीसाठी लिहिलेलं ते वाक्य तो वर्षानुवर्षं दिसेल त्या दाराला डकवत आला होता.

"दोन्ही माझीच आहेत," तो हळूच म्हणाला. "पण आजवर त्यांची गाठ पडली नव्हती."

मग शांततेची वाटणी झाली. थोडी दाराच्या रबरी कडेला, थोडी बिजागरीला, थोडी नळाच्या पाइपाला गुंडाळायच्या लोकरीला, थोडी हवा खेळवणाऱ्या पंख्याला. तादेया वस्तू दाखवायची, लुडविक तिच्यापुरतं वाक्य लिहायचा. भांडणं होतच होती, पण आता एका पडद्यासमोर खुर्चीला खुर्ची लावून होत होती.

बालवाडी बांधून झाली. बाकी सगळं सिल्वोने तपासलं, पण रायको अडून बसला, ज्याने शांतता मागितली त्यानेच ती मिळाल्याची सही करावी. म्हणून आम्ही मुलांच्या झोपेच्या वेळी गेलो. तिथल्या शिक्षिका झोराबाई यांनी आधी सगळ्यांना बूट काढायला लावले. उभ्याने काय कळणार, आवाज मुलाच्या उंचीवरून ऐकायला हवा, असं कुजबुजत लुडविक आत जाऊन एका रिकाम्या गादीवर आडवा झाला. गुडघ्यांपासून खालचे पाय फरशीवर आले. रायकोने बाहेरून दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. तादेयाने नळ सोडला. मी जमेल तसा शिंकलो. मग निकाल ऐकायला आम्ही आत डोकावलो.

मुलं झोपलेली होती. लुडविकही तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता, आणि शेजारच्या मुलीचा कापडी ससा त्याच्या काखेत होता.

रायको सहीचा कागद घेऊन पुढे निघाला, तशी झोराबाईंनी त्याची बाही धरली. "झोपलेल्याला इथे उठवायचं नाही. तुम्हीच लोकांनी लिहून दिलंय ना?"

आम्ही कॉरिडॉरमधल्या बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला लावून बसून राहिलो. लुडविक मुलांबरोबर उठला, मुलांच्या रांगेत बसून त्याने जाम लावलेला पाव खाल्ला आणि मगच सही केली. सहीखाली शेरा मारला: "माल उत्तम. गादी आखूड."

पुढल्या वसंतात तो निवृत्त झाला. तपशील आता तादेयाच लिहिते. लुडविक अधूनमधून कॉफीला येतो, तिच्या खुर्चीमागे उभा राहून वाचतो. वाक्य आवडलं की खाकरतो. नाही आवडलं तरी खाकरतो. कुठलं खाकरणं कशासाठी, हे तिला बरोबर कळतं, आम्हाला अजून नाही.